कोल्हापूर परिसरात वाहनांची वर्दळ टाळून तीन दिवसांची सायकल सहल: धरणे, कालवे, डोंगर

रंकाळाकाठ यांची विचारणा:

नमस्कार. दिवाळीनंतर मी, माझे यजमान आणि नववीत शिकणारी आमची मुलगी असे तिघे सायकलींवर सामान बांधून तीन दिवस फिरायचे म्हणतो आहोत. वेग किंवा अंतर गाठणे हा हेतू नाही. मुलीला निर्धास्तपणे सायकल चालवता यावी आणि आपल्या जिल्ह्यातील नद्या, धरणे व डोंगर तिने स्वतःच्या पायांच्या बळावर पाहावेत, एवढीच इच्छा आहे. राधानगरीचा मुख्य रस्ता आम्हाला ठाऊक आहे, परंतु मागून येणाऱ्या एसटी आणि डंपरच्या धास्तीने तिथे आजूबाजूला पाहण्याचे भानच उरत नाही. इतरत्र लोक कालव्याच्या काठाने मैलोन्‌मैल निवांत सायकल चालवतात असे वाचले आहे. आपल्याकडे तसा सलग मार्ग आहे का? दाजीपूरचे जंगल मुलीला घेऊन जाण्याजोगे आहे का? मुक्कामाविषयीही सुचवावे.

भोगावतीकर यांचे उत्तर:

ताई, जिल्ह्याच्या पश्चिम भागात कालव्याचा सलग मार्ग शोधत बसलात तर निराशा होईल, आणि त्याचे कारण समजून घेतले तर त्याहून चांगला मार्ग हाती लागेल. शाहू महाराजांनी राधानगरीचे धरण बांधायला घेतले, त्या धरणाचे पाणी लांबलचक कालव्यांनी शेतात नेलेले नाही. ते भोगावतीच्या पात्रातच सोडतात, खाली ठिकठिकाणी बंधारे घालून अडवतात आणि तिथून मोटारी लावून उपसा करून उसाला देतात. म्हणून आपल्याकडे कालव्यांपेक्षा बंधारे अधिक, आणि ज्यांना राज्यभर ‘कोल्हापूर पद्धतीचे बंधारे’ म्हणतात तेच आपल्या सायकलींचे पूल आहेत.

बंधारा जवळून पाहिला नसेल तर मुलीला एखाद्या ठिकाणी थांबून अवश्य दाखवा. पात्रात ओळीने खांब उभे असतात आणि प्रत्येक खांबाला उभ्या खाचा असतात. पावसाळा सरला की त्या खाचांमध्ये एकावर एक बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, सरकवतात. हे बरगे दोन रांगांत घालून मधल्या पोकळीत माती ठासण्याची पद्धत असल्यामुळे पाणी झिरपून वाया जात नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी बरगे काढून घेतले की पुराला वाट मोकळी होते. खांबांवरून जो अरुंद रस्ता जातो तो शेतकऱ्यांच्या येण्याजाण्यासाठी असतो. अवजड वाहन तिथे सहसा येत नाही, मात्र अनेक ठिकाणी कठडाही नसतो, त्यामुळे समोरून ट्रॅक्टर येत असेल तर तो पलीकडे जाईपर्यंत अलीकडेच थांबावे आणि मुलीने सायकल हातात धरून चालत जावे, हे मी आग्रहाने सांगेन.

मार्ग असा ठेवा: फुलेवाडी, बालिंगा येथपर्यंत गगनबावड्याचा रस्ता सहन करावा लागेल, म्हणून उजाडताच निघा. बालिंग्यानंतर तो सोडून पाडळी, कोगे, महे, बहिरेश्वर, कसबा बीड या टापूत शिरा. इथे भोगावती आणि तुळशी या दोन नद्यांच्या काठची गावे आडरस्त्यांनी एकमेकांशी जोडलेली आहेत आणि चढ असा नाहीच. कसबा बीडला घाईने पुढे जाऊ नका. शिलाहार राजांच्या काळाशी नाते सांगणाऱ्या या गावात वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या स्मरणार्थ कोरलेले दगड, आहेत आणि ते नुसते ओझरते पाहण्यासारखे नाहीत: तळाच्या चौकटीत युद्ध, मधल्या चौकटीत वीराला नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा असा वीरगळांचा सर्वसाधारण क्रम असतो, तो खालून वर वाचत जायचा. पुढे तुळशीच्या खोऱ्याने वर सरकत धामोडला पोहोचलात की तुळशी जलाशय समोर येतो. शेवटचा टप्पा चढाचा आहे, पण चढ अंगावर येत नाही. मुक्कामासाठी मोठी हॉटेले शोधू नका. आधी गावात जाऊन शाळा, देऊळ किंवा घरगुती सोय विचारून ठेवणे हेच योग्य.

सह्यकडा यांचे उत्तर:

दाजीपूरविषयी माझे मत थोडे सावध आहे. जंगल अप्रतिम आहे यात शंका नाही. 2012 साली युनेस्कोने पश्चिम घाटातील ज्या स्थळांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत राधानगरी अभयारण्याचा समावेश आहे, आणि दाजीपूर त्याचाच भाग. परंतु दाजीपूरवरून जाणारा रस्ता पुढे फोंडा घाटाने कोकणात उतरतो, त्यामुळे तो गर्द झाडीतून जात असला तरी वाहनमुक्त नाही. शिवाय हे गव्यांचे घर आहे. पहाटे आणि सूर्यास्ताच्या सुमारास गवे रस्ता ओलांडतात, आणि सायकल आवाज न करता पुढे जात असल्यामुळे वळणावर गवा आणि आपण एकदम समोरासमोर येण्याची शक्यता असते. कळपापेक्षा एकटा फिरणारा नर अधिक बेभरवशाचा. तो दिसला तर लांबच थांबावे, घंटी वाजवू नये, फोटोसाठी पुढे सरकू नये, आणि तो स्वतःहून निघून जाईपर्यंत वाट पाहावी. अभयारण्याच्या आतील वाटांवर वनखात्याच्या परवानगीशिवाय सायकल नेऊ नये.

त्याऐवजी दुसऱ्या एखाद्या सहलीसाठी गारगोटीमार्गे पाटगाव डोळ्यांसमोर ठेवा. गारगोटीपर्यंत वर्दळ आहे, ती टाळण्यासाठी सायकली टेम्पोत घालून गारगोटीला न्याव्यात असे मी सुचवीन. कडगाव सोडले की वेदगंगेचे खोरे अरुंद होत जाते आणि वाहने झपाट्याने कमी होतात. पाटगावहून कोकणात उतरणारा अवजड वाहतुकीचा घाट नाही, त्यामुळे ज्याला पाटगावलाच जायचे आहे तोच या रस्त्याने येतो. रस्ता कुठे संपतो हे पाहून मार्ग निवडावा, हा नियम मला फार उपयोगी वाटतो. पाटगावला मौनी महाराजांचा मठ आहे, वेदगंगेवरील जलाशय आहे, आणि आता ते ‘मधाचे गाव’ म्हणूनही ओळखले जाते. तिथला मध मुलीला चाखायला द्या.

चारीकाठ यांचे उत्तर:

कालव्याचा अनुभव हवाच असेल तर दूधगंगा प्रकल्पाचे, म्हणजे काळम्मावाडी धरणाचे, कालवे आहेत. पाणी आपल्याच उताराने वाहत राहावे म्हणून कालवा डोंगराच्या कडेने जवळजवळ एकाच पातळीवर वळणे घेत नेतात, त्यामुळे त्याच्या भरावावरील वाटेला चढ-उतार जाणवत नाही. मात्र ही वाट जलसंपदा विभागाच्या देखभालीसाठी असते, सार्वजनिक रस्ता म्हणून नव्हे. स्थानिक शाखा कार्यालयात विचारून मगच जावे. अस्तरीकरण केलेल्या कालव्याच्या बाजू उतरत्या आणि गुळगुळीत असतात. पाणी सोडलेले असताना आत पडलेल्या माणसाला, पोहता येत असले तरी, बाहेर येणे फार अवघड जाते. म्हणून मुलीला नेहमी शेताच्या बाजूने चालवू द्या आणि हात-तोंड धुण्यासाठीही कालव्यात उतरू नका.

रंकाळाकाठ:

सर्वांचे मनापासून आभार. बंधाऱ्यांचा असा विचार आम्ही कधी केला नव्हता. कोगे, बीड, धामोड हे नक्की करतो आणि दाजीपूर यावेळी सोडून देतो. एक शंका उरते: तोपर्यंत गळीत हंगाम सुरू झालेला असेल. याच आडरस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या असतील ना?

भोगावतीकर:

होय, आणि त्यासाठी सहल पुढे ढकलण्यापेक्षा दिवसाची आखणी बदलावी. तोडणी सकाळपासून चालते आणि भरलेल्या ट्रॉल्या, अंगद (ट्रॅक्टरला जोडलेल्या छोट्या गाड्या) व बैलगाड्या दुपारनंतर कारखान्यांकडे निघतात, म्हणून दुपारी एकच्या आत त्या दिवसाचे अंतर संपवा. कारखान्याच्या जवळचा पट्टा, विशेषतः परिते आणि कुडित्रे, टाळता येईल तेवढा टाळा. भरलेल्या ट्रॉलीच्या मागे किंवा बाजूला कधीही राहू नका, कारण मोळ्या बाहेर आलेल्या असतात आणि चालकाला मागचे दिसत नाही. रस्त्यावर पडलेल्या पाचटावर दव असेल तर चाक घसरते, तिथे ब्रेक न दाबता सरळ जावे. टायर थोडे रुंद घ्या आणि पंक्चरचे साहित्य तिघांनीही आपापल्याकडे ठेवा. बाभळीचे काटे बांधांवरून रस्त्यावर येतात.

पुढे कधी याच मार्गाने पावसाळ्यात जायचे मनात आले तर निघण्याआधी पाण्याखालील बंधाऱ्यांची यादी पाहा. जिल्हा प्रशासन ती पुराच्या दिवसांत देते. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरील इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे, पण वरचे अनेक बंधारे त्याच्या कितीतरी आधी पाण्याखाली जातात, म्हणून शहरातील आकड्यावर विसंबून बीडच्या बाजूला जाऊ नये.