अनुभव धागा : चुन्याशिवाय उभे राहिलेले मनोरे (ब्रॉख)

स्कॉटलंडच्या उत्तरेला आणि बेटांवर लोहयुगातले गोल दगडी मनोरे आहेत. त्यांना ब्रॉख म्हणतात. शेटलंडमधल्या मूसा बेटावरचा ब्रॉख सुमारे २००० वर्षांनंतरही १३ मीटर उंच उभा आहे. कोरडी रचाई (चुना-सिमेंटशिवाय नुसते दगड रचणे) करणाऱ्या, दुरुस्त करणाऱ्या, मोजणाऱ्या सर्वांनी नेमके तपशील लिहावेत : काय केल्याने टिकते, काय चुकले की ढासळते.

▪ मूसाच्या तळाचा बाहेरचा व्यास १५ मीटर, आतली मोकळी जागा जेमतेम ६ मीटर. म्हणजे निम्म्याहून जास्त व्यास भिंतीनेच खाल्लाय. खालचा भाग भरीव, त्यात फक्त खोल्या कोरून ठेवल्यासारख्या सोडल्यात. वर मात्र एकात एक दोन भिंती आणि मध्ये पोकळी. ठरावीक उंचीवर आडव्या लाद्या दोन्ही भिंतींत रुतवल्या आहेत. त्याच वरच्या मजल्याची जमीन होतात आणि भिंतींना एकमेकींशी बांधूनही ठेवतात. जिना याच पोकळीतून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने चढतो. पोकळीमुळे वरचे वजन घटते, ही मला या रचनेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते.

▪ वरच्या प्रतिसादात भर. दगडाची लांब बाजू भिंतीच्या आत जायला हवी. दर्शनी भाग लवकर उरकावा म्हणून ती बाहेरच्या तोंडाला समांतर ठेवली, की दगड नुसता चिकटवल्यासारखा राहतो आणि पुढे सुटतो. खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर वरचा एक दगड यायलाच हवा. उभा सांधा तीन-चार थर सरळ वर गेला, तर तिथूनच भेग धरते.

▪ सगळ्यात जास्त चूक भरावात, म्हणजे भिंतीच्या दोन तोंडांमधल्या भरणात होते. माती किंवा बारीक चुरी ओतली की पावसाने ती वाहून जाते, आत पोकळी होते, दर्शनी दगड सरकतात आणि भिंतीला पोट सुटते. भरावाचे दगडही हाताने, एकेक बसवावे लागतात, प्रत्येक थराबरोबर. कपच्या (फटीत बसवायचे पाचरीसारखे छोटे दगड) आतल्या बाजूने ठोकाव्यात. बाहेरून ठोकलेली कपची हलली की गळून पडते.

▪ दगडावरही बरेच ठरते. उत्तर स्कॉटलंडमधल्या ऑर्कनी आणि केथनेसचा वालुकाश्म फरशीसारखा चिरतो, थर आपोआप सपाट बसतात. लुईस बेटावरचा डून कार्लोवे हा ब्रॉख नाइस या कठीण दगडाचा, तुकडे वेडेवाकडे, त्यामुळे कपच्या जास्त. कोकणात गडगा (दगडांचे कोरडे कुंपण) रचणाऱ्यांना हा फरक लगेच कळेल.

▪ दारावरची लादी मोडण्याची भीती असते, म्हणून काही ब्रॉखांत दारावर आतल्या भिंतीत एकावर एक रिकाम्या चौकटी सोडल्या आहेत. वजन बाजूच्या खांबांवर उतरते, लादीवर थोडेच येते.

▪ दुरुस्तीत सिमेंट नको. कोरडी भिंत किंचित हलत असते, सिमेंटचा भाग मात्र ताठ राहतो आणि शेजारचा फुटतो. भिंत उतरवण्याआधी प्रत्येक दगडावर खडूने क्रमांक घालून फोटो काढावेत. मूसाच्या भेगांत वादळी पाखरे (स्टॉर्म पेट्रेल नावाचे छोटे समुद्रपक्षी) घरटी करतात, त्यामुळे विणीच्या काळात तिथे दगडाला हात लावू नये.