मदत हवी आहे: घरच्या कोम्बुचासाठी पंप कोणता घ्यावा? (२५ लिटर, गरम चहा, मुलुंडचं छोटं किचन)

सायवाली
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी ३ वर्षं झाली घरी कोम्बुचा करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कोम्बुचा म्हणजे आंबवलेला चहा: गोड काळा चहा गार करायचा, त्यात स्कोबी (आंबवणाऱ्या जिवाणू-यीस्टचा थर, आमच्या सासूबाई तिला साय म्हणतात आणि दिसतेही तशीच) आणि मागच्या खेपेचं थोडं आंबट पाणी घालायचं, तोंडाला फडकं बांधून ८-१० दिवस ठेवायचं की झालं. सुरुवात ३ लिटरच्या एका बरणीने केली, आता घरातली सहा माणसं, बहीण आणि शेजारची दोन घरं धरून एका वेळी २५ लिटर लागतो. विकत नाही, कुणाला विकायचाही नाहीये.

अडचण अशी की ३० लिटरचं स्टीलचं पातेलं गॅसवर, आणि तीन बरण्या फ्रीजच्या बाजूच्या रॅकवर साधारण साडेपाच फुटांवर, कारण घरात लहान मूल आहे आणि खाली जागाच नाही. चहा रॅकवर चढवायचा म्हणजे तांब्याने एकेक करून स्टुलावर उभं राहून ओतायचा. ह्यांच्या कमरेचं दुखणं निघाल्यापासून ते माझ्यावरच आहे. आणि उकळलेला चहा गार व्हायलाच मुंबईच्या मे महिन्यात आख्खी रात्र जाते, सकाळी बघावं तर अजून कोमट, म्हणून गरम असतानाच पंपाने तांब्याच्या कॉइलमधून फिरवून गार करून वर चढवायचा असा विचार होता.

मागच्या महिन्यात दुकानदाराने सांगितलं म्हणून कूलरमध्ये असतो तो १८ वॅटचा पाण्यात बुडणारा पंप आणला. चालू केला तर आधी खडी घातल्यासारखा खडखडला, चहा येईचना, मग एकदम आला आणि पाइप गरम होऊन मऊ पडला होता तो तोंडावरून निसटला. उजव्या पावलावर चहा सांडला. नळाखाली वीस मिनिटं पाय धरून बसले म्हणून निभावलं, पण मूल दारातच उभं होतं, ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून जात नाही. वर त्या चहाला प्लॅस्टिकचा वास, सगळा ओतून दिला.

आता नीट घ्यायचाय. बघितलेले पर्याय: मॅग्नेटिक पंप (बाहेरच्या देशात घरी बिअर करणारे हाच वापरतात असं दिसतं), आरओ फिल्टरमधला बूस्टर पंप, १२ व्होल्टचा डायफ्रॅम पंप (रबरी पडद्याने पाणी ढकलणारा), आणि तो रोलरने नळी दाबणारा पेरिस्टाल्टिक. बजेट ६-७ हजार. पातेल्याला नळ नाही, भोक पाडायचं मनात नाही. कुणी वापरलाय का?

गिरगावचा शेजारी
ताई, पाय बरा आहे ना आता? सायफन करा की, पंप कशाला.

सायवाली
दादा, पाय बरा आहे, डाग राहिलाय. सायफन वरून खाली चालतो, माझं खालून वर आहे. बाटल्या भरताना बरणीच्या नळाने खाली येतंच, तिथे काही अडत नाही.

वाल्वमास्तर
सायवाली ताई, मी २२ वर्षं फार्मा प्लांटमध्ये मेंटेनन्सला होतो, पंपांतच गेली सगळी नोकरी, त्यामुळे जरा लांब लिहितो.

पहिलं म्हणजे तो खडखडाट. पाणी उकळीच्या जवळ असताना पंपाने ओढलं की ओढणीच्या बाजूला दाब कमी होतो आणि तिथल्या तिथे वाफेचे बुडबुडे होतात, ते पंखा गिळतो, त्याला कॅव्हिटेशन म्हणतात. चांगला महाग पंपसुद्धा हेच करेल. म्हणून गरम द्रव चढवायचा असेल तर पंप पातेल्याच्या खाली ठेवतात, येणारी नळी आखूड आणि जाड ठेवतात, आणि फ्लो कमी करायचा तर वाल्व कायम जाणाऱ्या बाजूला बसवतात, येणाऱ्या बाजूला कधीच नाही.

मॅग्नेटिक पंप चांगलाच आहे. मोटर आणि पंख्यामध्ये दांडा आरपार जात नाही, चुंबकाने फिरतो, त्यामुळे सील गळायचा किंवा ग्रीस चहात जायचा प्रश्न नाही. पण हा स्वतः पाणी ओढत नाही, पाणी उतारानेच त्याच्यात भरायला लागतं, म्हणजे पातेल्याला तळाशी नळ हवाच. कोरडा फिरवला तर आतली बुशिंग जाते. आणि बाहेरून मागवलात तर प्लेट वाचा: अमेरिकेतला ११५ व्होल्ट ६० हर्ट्झचा आपल्या सॉकेटला सरळ लावला तर जळेल, ट्रान्सफॉर्मर लावला तरी ५० हर्ट्झवर सावकाश फिरेल.

आरओचा बूस्टर नको. गरम तर त्याला चालतच नाही. डायफ्रॅम पंप वेगवान असतो पण आतल्या झडपांत चहाची पत्ती नाहीतर स्कोबीची तार अडकली की बसतो, आणि तो उघडून धुता येत नाही. आंबवायच्या कामात जी वस्तू आतून धुता येत नाही ती मी घरात आणणार नाही.

आता खरं सांगतो, तुम्ही गरम चहा पंपात घालूच नका. २५ लिटर चहा एकदम उकळायची गरज काय? ४ लिटर पाण्यात सगळी पत्ती आणि साखर घालून घट्ट चहा करा, गाळा, आणि आदल्या दिवशी उकळून, झाकून पूर्ण गार केलेलं २१ लिटर साधं पाणी त्यात घाला. ९५ डिग्रीचे ४ लिटर आणि २७ डिग्रीचे २१ लिटर म्हणजे ३८ च्या आसपास येतं. मग थोडं थांबलं की स्कोबी घालण्याइतकं उतरेल. चहा गार व्हायची रात्रभर वाट बघणं गेलं, कॉइल गेली, भाजायची भीतीही गेली. आदल्या दिवशी उकळल्याने बीएमसीच्या पाण्यातला क्लोरीनही उडतो, तो तुमच्या सायीला सोसत नाही.

मग उरतं फक्त कोमट चहा वर चढवणं. त्याला पेरिस्टाल्टिक घ्या. तो स्वतः ओढतो, पातेल्याला भोक नको, चहाला फक्त नळी लागते, पंपाचा दुसरा कुठलाच भाग नाही. नळी काढली, गरम पाणी फिरवलं, वाळत टाकली, झालं. ओट्यापासून रॅक एक मीटरही उंच नाही, तेवढं त्याला सहज जमतं. हळू आहे हे खरं, मिनिटाला अर्धा लिटरवाला घेतलात तर ५० मिनिटं लागतील.

सायवाली
वाल्वमास्तर, तुमचं उत्तर मी दोनदा वाचलं आणि ह्यांनाही वाचून दाखवलं. घट्ट चहा करून पाणी वाढवायचं हे इतकं साधं आहे आणि मला तीन वर्षांत सुचलं नाही! ५० मिनिटं चालतील हो, तेवढ्यात पोळ्या होतात.

दोन शंका. माझ्याकडे पितळेचे दोन जॉइंट पडून आहेत ते चालतील का? आणि पंप ओट्यावर सिंकशेजारी राहणार, शॉकचं काय?

वाल्वमास्तर
पितळ अजिबात नको. कल्हई नसलेल्या पितळेत ताक कसं कळकतं, तसंच हे. कोम्बुचा तयार होईपर्यंत पीएच ३ च्या आसपास जातो, त्यात पितळेतलं तांबं आणि शिसं उतरतं. तुम्ही चहात मागच्या खेपेचं आंबट पाणी घालता म्हणजे सुरुवातीपासूनच आंबट. म्हणून ती तांब्याची कॉइलही या कामात नको. जॉइंट लागलेच तर ३०४ किंवा ३१६ स्टील, पण पेरिस्टाल्टिकला एकच सलग नळी ठेवली तर जॉइंट लागतच नाही.

शॉकसाठी: १२ व्होल्ट अडॅप्टरवाला घ्या, अडॅप्टर ओट्याच्या वर भिंतीला, वायर आधी खाली लोंबू देऊन मग वर न्या म्हणजे पाणी वायरीवरून सॉकेटमध्ये जात नाही. आणि घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) आहे का ते मेनच्या बॉक्समध्ये बघा, नसेल तर पंपाच्या आधी तो बसवून घ्या.

सायवाली
बॉक्स उघडून बघितला, आरसीसीबी नाहीये. इलेक्ट्रिशियनला उद्या सकाळी बोलावलंय. शनिवारी नागदेवी स्ट्रीटला जाऊन नळी बघणार. फूड ग्रेड सिलिकॉन मागायची एवढं कळलं, पण रोलरखाली टिकायला जाडी किती सांगू?

वाल्वमास्तर
जाडी पंपावर ठरते ताई, रोलर आणि बाहेरची कड यांच्यातली फट ठरलेली असते, पातळ नळी घातली तर ओढत नाही आणि जाड घातली तर मोटर अडते. म्हणून आधी पंप घ्या, त्याच्यातली नळी काढून सोबत न्या आणि आतला-बाहेरचा व्यास जुळवून दोन मीटर जास्तीची घ्या. रोलरखालचा तुकडा झिजतो, दर थोड्या खेपांनी नळी चार बोटं पुढे सरकवत जा. आणि पहिल्यांदा साध्या पाण्याची बादली ठेवून चालवा, मुलाला दुसऱ्या खोलीत ठेवून. किती वेळ लागला ते इथे लिहा.