माल खरा, दुकान खोटं: मग तक्रार कसली?

तिरकी रेघ (धागाकर्ता)

२०११ च्या जुलैमध्ये चीनमधल्या कुनमिंग शहरात राहणाऱ्या एका परदेशी ब्लॉगलेखिकेने तिथल्या दुकानांचे फोटो टाकले होते. वळत वर जाणारा जिना, लांब लाकडी टेबलं, निळे टीशर्ट घातलेले विक्रेते, गळ्यात ओळखपत्रं. हुबेहूब ॲपलचं दुकान. फक्त पाटीवर अक्षरांत 'ॲपल स्टोअर' लिहिलेलं होतं, आणि कंपनी आपल्या दुकानावर नुसतं सफरचंद लावते. त्या शहरात कंपनीचं स्वतःचं दुकान तेव्हा नव्हतंच. तिथल्या काही कर्मचाऱ्यांनाही आपण ॲपलचेच नोकर आहोत असं वाटत होतं, म्हणजे बघा! नंतरच्या तपासणीत शहरात अशी २२ अनधिकृत दुकानं निघाली.

यावर नेहमीचा सूर असा की, माल खरा असेल तर जिना नकली असला म्हणून काय बिघडलं? माझं म्हणणं, तिथेच बिघडतं. नकली फोन चार दिवसांत आपलं रूप दाखवतो. खोट्या दुकानातला खरा फोन मात्र वर्षभर मुकाट चालतो, आणि बंद पडला की मग कळतं की वॉरंटी दुसऱ्या देशाची आहे किंवा आपण घेण्याआधीच सुरू झाली होती. कंपनी म्हणते दुकानदाराकडे जा, दुकानदार म्हणतो कंपनीकडे जा. तोवर पाटी बदललेली नसली तर नशीब.

माझ्यापुरती खूण सांगतो. दुकानाच्या बोर्डावर एक नाव, कार्ड मशीनच्या चिठ्ठीवर दुसरं आणि बिलावर तिसरं असेल, तर वस्तू तिथेच ठेवून बाहेर पडायचं. अनधिकृत दुकानातून महागडी इलेक्ट्रॉनिक वस्तू घेऊच नये, असं माझं सरळ मत आहे. ज्यांना पटत नाही त्यांनी मांडा.

बिनपगारी वकील

साफ असहमत. तुम्ही तीन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. नकली माल हा गुन्हा. दुसऱ्याच्या दुकानाची नक्कल करून ग्राहकाला फसवणं हाही वेगळा गुन्हा. पण कंपनीच्या यादीत नसलेल्या माणसाने अस्सल माल बाहेरून आणून विकणं, ज्याला ग्रे मार्केट म्हणतात, ते अनेक ठिकाणी कायदेशीर आहे. सॅमसंगच्या प्रिंटरांच्या खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१२ मध्ये अशी समांतर आयात चालेल असा निकाल दिला. युरोपात याच्या उलट. तिथल्या न्यायालयाने १९९८ मध्ये चष्म्यांच्या एका खटल्यात ठरवलं की युरोपबाहेर विकलेला माल मालकाच्या परवानगीशिवाय आत आणून विकता येणार नाही. म्हणजे एकच धंदा एकीकडे चालतो, दुसरीकडे अडतो. 'अनधिकृत' म्हणजे 'लबाड' हे समीकरण कंपन्यांनीच आपल्या गळी उतरवलं आहे. एकच वस्तू एका देशात स्वस्त आणि दुसऱ्यात महाग विकायची, आणि कुणी मधली फट शोधली की धोका, धोका म्हणून बोंब मारायची!

तिरकी रेघ

वकीलसाहेब, निकाल पूर्ण सांगा की. त्याच खंडपीठाने विक्रेत्याला घातलेली अट अशी: माल बाहेरून आणलेला आहे, त्यावर कंपनीची वॉरंटी किंवा सेवा नाही, ती आम्ही स्वतः देऊ, हे दुकानात ठळकपणे लावायचं. असा फलक तुम्ही कुठल्या ग्रे दुकानात पाहिला आहे? मी तर पाहिलेला नाही. फलक लावणाऱ्या दुकानदाराशी माझं भांडणच नाही.

बिनपगारी वकील

मग तुमचं भांडण लपवाछपवीशी आहे, अनधिकृत असण्याशी नाही. शीर्षक बदला.

वायरमन

तुमची कोर्टकचेरी चालू द्या. मी दुरुस्तीच्या टेबलावरचं सांगतो.

वॉरंटी गेली तर पैसे जातात. चार्जर नकली निघाला तर माणूस जाऊ शकतो. चार्जरच्या आत एका बाजूला मेनची वीज असते. २३० व्होल्टच्या लाइनवर तिथला मोठा कॅपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, सव्वातीनशे व्होल्टपर्यंत भरतो. दुसऱ्या बाजूला तुमच्या हातातल्या फोनला जाणारे ५ व्होल्ट. या दोघांच्या मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि बोर्डावरची मोकळी जागा, एवढीच भिंत. चांगल्या चार्जरमध्ये ही जागा काही मिलिमीटर सोडलेली असते, बऱ्याचदा बोर्डाला तिथे खाचही पाडलेली असते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीला तिहेरी इन्सुलेशनची तार वापरतात. नकली उघडून बघा. दोन्हीकडचे सोल्डरचे डाग एकमेकांना जवळजवळ चिकटलेले, मध्ये एक मिलिमीटरही नाही. इन्सुलेशनची टेप असली तर एखादा वेढा. दमट हवा किंवा एखादी झुरळाची तंगडी तिथे अडकली की संपलं.

यूएल या सुरक्षा चाचण्या करणाऱ्या संस्थेने २०१६ मध्ये ॲपलच्या नावाचे ४०० नकली चार्जर तपासले. ९९ टक्के नापास. त्यातले १२ तर शॉक लागून जीव जाऊ शकेल इतके वाईट. त्याआधी २०१३ मध्ये ॲपलने नकली चार्जर आणून द्या आणि खरा सवलतीत न्या अशी योजनाच काढली होती, ती उगाच नाही.

फोन कुठूनही घ्या. चार्जर, पॉवर बँक आणि बॅटरी या तीन गोष्टींत हयगय नको.

उंटावरची शेळी

वायरमनना +१. पण तिरकी रेघ, तुमच्या 'अधिकृत' शब्दावरच्या भक्तीची गंमत वाटते. ॲपलने २०१६ मध्येच एका पुरवठादारावर खटला भरला, त्यात म्हटलं होतं की ॲमेझॉनवर अस्सल म्हणून विकले जाणारे आणि ॲमेझॉनच्याच गोदामातून येणारे जे चार्जर आणि केबल आम्ही मागवून तपासले, त्यातले सुमारे ९० टक्के नकली निघाले. तिथे जिना नव्हता की निळे टीशर्ट नव्हते. मोठं नाव, चकाचक खोका, दारात पोच, तरी आत तेच. त्या काळी गोदामात एकाच बारकोडचा वेगवेगळ्या विक्रेत्यांचा माल एकत्रही ठेवला जायचा, त्यामुळे तुम्ही भल्या विक्रेत्याकडून घेतलं तरी हातात बुऱ्याचा माल पडू शकायचा.

तिरकी रेघ

हा मुद्दा माझ्या विरोधात कसा? बाजारपेठ चालवणारी साइट आणि कंपनीचा अधिकृत विक्रेता या एक गोष्टी नाहीत. ब्रँडच्या वेबसाइटवर विक्रेत्यांची यादी असते, ती बघायला दोन मिनिटं लागतात. विक्रेत्याने छापलेल्या 'ऑथराइज्ड' या स्टिकरवर विसंबायचं नाही, एवढंच.

जुनी बॅटरी

दुसरी बाजू कुणीच मांडत नाही. अधिकृत सेवा केंद्राने माझ्या लॅपटॉपचा अख्खा मदरबोर्ड बदलायला सांगितला होता. अनधिकृत कारागिराने एक जळका कॅपॅसिटर बदलला, आणि तो आजही चालतोय. अधिकृत माणसाला सुटा भाग बदलण्याची मुभाच नसते, त्याला काय दोष द्यायचा! आता तर फोनमध्ये भाग सॉफ्टवेअरने बांधून ठेवतात. २०२१ मध्ये आयफोन १३ ची स्क्रीन बाहेर बदलली की फेस आयडी, म्हणजे चेहरा ओळखून फोन उघडण्याची सोय, बंद पडायचं. आरडाओरडा झाल्यावर कंपनीने ते मागे घेतलं. ही सुरक्षितता नाही, ही मक्तेदारी आहे. खोट्या दुकानाच्या नावाने हाकाटी करताना खऱ्या दुकानाची मुजोरीही मोजा.

बिनपगारी वकील

जुनी बॅटरी यांच्याशी शंभर टक्के सहमत. एक गोष्ट मात्र मान्य करतो, ग्रे मालात वॉरंटीच्या पलीकडचेही खड्डे आहेत. अमेरिकेसाठीच्या फोनला आयफोन १४ पासून सिमकार्डाची खाचच नाही, सगळं ईसिमवर, म्हणजे फोनमध्येच बसवलेल्या सिमवर. जपानसाठीच्या आयफोनच्या कॅमेऱ्याचा आवाज बरीच वर्षं बंद करता येत नव्हता. निकॉनची अमेरिकी शाखा ग्रे मार्केटमधला कॅमेरा पैसे देऊनही दुरुस्तीला घेत नाही. तरीही, हे सगळं माहीत असून कुणी स्वस्तात घेत असेल तर तो त्याचा व्यवहार आहे. तुम्ही कोण अडवणार?

तिरकी रेघ

'माहीत असून' या दोन शब्दांवरच सगळं अडलंय, साहेब. ज्याला सिमची खाच नाही हे घरी येऊन खोका उघडल्यावर कळतं, त्याचं काय?

पहिलीच वेळ

मोठ्या चर्चेत छोटा प्रश्न. मी एका साध्या दुकानातून १ टीबीचा पेनड्राइव्ह घेतला, फारच स्वस्त मिळाला. संगणकावर १ टीबीच दिसतोय. म्हणजे ठीक आहे ना?

वायरमन

दिसणं आणि असणं वेगळं. नकली ड्राइव्हच्या आतली कंट्रोलर चिप संगणकाला खोटी क्षमता सांगते. आत असतात ३२ किंवा ६४ जीबी. तेवढं भरेपर्यंत सगळं सुरळीत, त्यापुढचं लिहिलेलं हवेत जातं किंवा जुन्या फाइलींवरच चढतं. फाइलींची नावं दिसत राहतात, उघडायला गेलं की बिघडलेल्या. एच२टेस्टडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, लिनक्सवर एफ३. ते पूर्ण ड्राइव्ह भरून परत वाचून ताडून बघतं. वेळ खातं, रात्रभर लावून ठेवा. तोवर त्यावर काही महत्त्वाचं ठेवू नका.

तीच कथा सुट्या सेलची. १८६५० या दंडगोल लिथियम सेलवर ९९०० एमएएच क्षमता छापलेली दिसली की हात जोडा. त्या आकारात नावाजलेल्या कंपन्यांचे चांगले सेल साडेतीन हजारांच्या आसपास असतात.

पहिलीच वेळ

लावला. अर्ध्या तासातच चुका दाखवायला लागला. दुकानदार म्हणतो, सील फोडलं की परत घेत नाही.

बिनपगारी वकील

बिल आहे का? आणि त्यावर क्षमता लिहिली आहे का? असेल तर सीलचं कारण त्याला पुढे करता येणार नाही, विकलेली वस्तू बिलाप्रमाणे नाही एवढं पुरे. चाचणीच्या निकालाचा स्क्रीनशॉट घेऊन लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

पहिलीच वेळ

बिलावर फक्त 'पीडी १ नग' लिहिलंय. आणि वर दुकानाचं नाव वेगळंच आहे.

उंटावरची शेळी

तिरकी रेघ, घ्या, तुमची खूण.