यूके स्पाऊस व्हिसा: माझा इथला पगार धरतच नाहीत का?

सातपूरकर_३१

नमस्कार मंडळी, डोकं पार बधिर झालंय म्हणून इथे विचारतोय. मी नाशिकचाच, अंबड एमआयडीसीत सीएनसी प्रोग्रामर, नऊ वर्षांचा अनुभव, पगार ५२ हजार हातात. डिसेंबरमध्ये लग्न झालं, महापालिकेत नोंदणीही केली. बायको लेस्टरला वाढलेली, ब्रिटिश पासपोर्ट आहे, तिथे एका फार्मसीत दीड वर्षापासून कामाला आहे, पगार वर्षाला २६,४०० पाऊंड. या व्हिसासाठी वर्षाला किमान २९,००० पाऊंड उत्पन्न लागतं असं कळलं म्हणजे २,६०० कमी पडतात.

कॉलेज रोडवर एका एजंटकडे गेलो तर तो म्हणे तुमची एम्प्लॉयेबिलिटी फाईल करू, त्यात अनुभवाची पत्रं, बायोडाटा आणि तिकडच्या कुठल्यातरी दुकानाचं जॉब ऑफर लेटर, ते सगळं मी मॅनेज करतो, ४० हजार द्या. मला ते ऑफर लेटर काही पटेना. पण त्याने असं छातीठोक सांगितलं की तुमचा पगार आणि ऑफर दाखवली की २,६०० चा खड्डा भरून निघेल.

दुसरं म्हणजे नाना (वडील) म्हणतात मी देतो ना पैसे, दिंडोरी तालुक्यात तीन एकर द्राक्ष आहे, यंदाचे पैसे बरे आलेत, थोडे पतसंस्थेत ठेवलेत, कमी पडलं तर अर्धा एकर काढू. नानांचा सातबारा आणि पतसंस्थेच्या पावत्या लावल्या तर चालेल का? खरं सांगू का, सगळ्यात जास्त याचंच वाईट वाटतंय की मी कमावता माणूस आणि फॉर्ममध्ये माझ्या कमाईला जागाच नाही. आत्याबाई आधीच म्हणतायत जावई बायकोच्या पगारावर निघाला.

निफाडकर_काका

अरे काळजी करू नको. माझ्या पुतणीचं अमेरिकेचं झालं तेव्हा नवऱ्याचा पगार कमी होता तर त्याच्या मोठ्या भावाने जॉइंट स्पॉन्सर (खर्चाची हमी घेणारा दुसरा माणूस) म्हणून सही केली, काम झालं. तुमच्या सासऱ्यांना सांग सही करायला. नाहीतर इथला सातबारा इंग्रजीत करून नोटरी करून लाव, जमीन बघून कोण नाही म्हणणार.

हॅरोची_वहिनी

काका, अमेरिकेचं वेगळं हो. तिथे जॉइंट स्पॉन्सर चालतो, यूकेला चालत नाही. सासरे करोडपती असले तरी त्यांची सही इथे उपयोगाची नाही, अगदीच अपवादात्मक परिस्थिती असेल तरच तिसऱ्याचा आधार बघतात आणि त्यावर भरवसा ठेवून अर्ज करू नये.

सातपूरकर दादा, मी माझ्या मिस्टरांची फाईल स्वतः केली, वकील नाही एजंट नाही, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

पहिलं ते ऑफर लेटर डोक्यातून काढ. बाहेरून अर्ज करताना जो येणार आहे त्याचा पगार मोजतच नाहीत, ना नाशिकचा, ना उद्या तिकडे मिळणार त्या नोकरीचा. खरं ऑफर लेटर असतं तरी शून्य पाऊंड धरले असते. आणि हे तर खोटं. खोटा कागद सापडला तर त्याच मुद्द्यावर नाकारतात आणि पुढच्या प्रत्येक अर्जात ते तुझ्या नावापुढे राहतं. म्हणजे ४० हजार देऊन स्वतःच्या पायावर धोंडा.

पगार मोजतात तो फक्त तुझ्या बायकोचा. लिमिट ११ एप्रिल २०२४ पासून २९,००० आहे, त्याआधी १८,६०० होतं, म्हणून जुने ब्लॉग वाचून लोक फसतात. ती एकाच ठिकाणी सहा महिन्यांच्या वर आहे हे फार चांगलं. तिच्या सहा महिन्यांच्या पेस्लिप, त्याच सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट ज्यात तो पगार जमा झालेला दिसतो (दोन्हीतला आकडा जुळायलाच हवा), आणि मालकाचं पत्र: नोकरी किती दिवसांपासून, पगार किती, तो पगार कधीपासून, नोकरी कायम आहे की कराराची. शेवटची पेस्लिप आणि स्टेटमेंट अर्जाच्या तारखेआधी २८ दिवसांच्या आतलं हवं. आमचं इथेच अडलं होतं, पत्रात पगार कधीपासून ते लिहिलंच नव्हतं, एचआरच्या मागे तीन आठवडे लागले.

आता तुझा खड्डा. बचत जोडता येते पण हिशोब विचित्र आहे. पहिले १६,००० पाऊंड धरतच नाहीत, त्याच्या वरचे जे असतील त्याला अडीचने भागतात. तुला २,६०० हवेत म्हणजे २,६०० गुणिले अडीच झाले ६,५००, अधिक १६,००० म्हणजे २२,५००. रुपयात पंचवीस लाखाच्या वर जातं. (पगार नसताना नुसत्या बचतीवर जायचं तर ८८,५००, ते तर सोडच.)

पंचवटी_सीए

वहिनींचा हिशोब बरोबर आहे. पैशांच्या बाजूने भर घालतो कारण असे दोन-तीन जण माझ्याकडे आलेत.

नानांची जमीन आणि सातबारा यांचा काही उपयोग नाही, रोख रक्कम लागते आणि ती तुझ्या, बायकोच्या किंवा दोघांच्या जॉइंट खात्यात लागते. नानांच्या खात्यात राहून चालत नाही. तुझ्या खात्यात आली की तिथून सहा महिने पूर्ण व्हायला हवेत आणि त्या सहा महिन्यांत एक दिवसही शिल्लक त्या आकड्याच्या खाली जाता कामा नये, सर्वात कमी जी शिल्लक असेल तीच मोजतात. वडिलांनी मुलाला दिलेल्या पैशावर आपल्याकडे टॅक्स लागत नाही, पण हे पैसे भेट आहेत, उसने नाहीत, असं नानांचं सहीचं पत्र हवं. कर्जाचे पैसे बचत म्हणून चालत नाहीत. म्हणजे गोल्ड लोन काढून किंवा पीककर्ज उचलून खात्यात टाकायचं आणि व्हिसा आला की परत फेडायचं, हे जे लोक करतात ते नियमाच्या उलट आहे.

पतसंस्थेचं म्हणशील तर तिथून पैसे काढ. ज्या संस्थेत पैसे आहेत ती त्या देशाच्या नियामकाच्या देखरेखीखालची हवी, आणि पतसंस्था सहकार खात्याकडे असते, रिझर्व्ह बँकेकडे नाही. सरळ बँकेत घे. एफडी चालते पण लगेच मोडता येणारी हवी, पाच वर्षांची टॅक्सवाली नको. आणि पाऊंडाचा भाव अर्ज करायच्या दिवशीचा लागतो, म्हणून काठावर ठेवू नकोस, लाख-दोन लाख जास्त ठेव. रुपया घसरला तर सहा महिने वाया.

अर्धा एकर विकायच्या आधी मात्र दहा वेळा विचार कर. बाग परत उभी करायला काय लागतं ते नानांना विचार.

सातपूरकर_३१

वहिनी, सीए साहेब, खूप खूप धन्यवाद. नानांना सांगितलं तर ते दोन मिनिटं गप्प बसले आणि मग म्हणाले पंचवीस लाख होतील पण मग पोराचं शेत नावालाच राहील. मीच म्हटलं नको. दुसरा काही मार्ग नाही का मग? बायको म्हणते मी दुसरीकडे २९,५०० ची नोकरी बघते.

पुणे_ते_मँचेस्टर

एवढं काय टेन्शन, माझी बायको चार महिन्यांत आली, पगाराचं कोणी विचारलंही नाही 😀

हॅरोची_वहिनी

@पुणे_ते_मँचेस्टर, तुम्ही स्किल्ड वर्कर म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल, ती डिपेंडंट म्हणून आली. तो वेगळा व्हिसा, त्याला २९,००० लागू नाही. ब्रिटिश किंवा सेटल्ड (तिकडे कायम राहायची परवानगी) असलेल्याच्या जोडीदारालाच हे लागतं. असं वाचून लोक गोंधळतात म्हणून सांगितलं, राग नको.

दादा, बायकोला आत्ता नोकरी अजिबात बदलू देऊ नकोस! नवीन ठिकाणी सहा महिने व्हायच्या आधी अर्ज केला तर दुसरा नियम लागतो, त्यात आत्ताचा पगारही २९,००० हवा आणि मागच्या १२ महिन्यांत प्रत्यक्ष तेवढे कमावलेलेही हवेत, आणि तिने तेवढे कमावलेले नाहीत. सहा महिने थांबणार असाल तर चालेल, पण मग सोपं दुसरंच आहे.

२,६०० भागिले ५२ आठवडे करून बघ. आठवड्याला ५० पाऊंड. तिकडच्या किमान वेतनात ते शनिवारचे चार-पाच तास झाले. आहे ती नोकरी ठेवून शनिवारची छोटी पार्टटाईम धरली, दोन्हीच्या सहा महिन्यांच्या पेस्लिप आल्या की दोन्ही पगार एकत्र धरतात. तासावरचं काम असेल तर सहा महिन्यांची सरासरी काढून वर्षाचा आकडा करतात, म्हणून एखादा शनिवार बुडेल हे धरून दर आठवड्याला ६० चं ठेवा. फार्मसीतच ओव्हरटाइम मिळत असेल तर तोही धरता येतो, पेस्लिपवर दिसला आणि बँकेत आला की झालं. पंचवीस लाखापुढे शनिवारची एक शिफ्ट, बघ बाबा.

आणि तुझी कमाई कायम शून्य नाही रे. आलास की पहिल्या दिवसापासून काम करता येतं, आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी एक्स्टेन्शन करताना तुझा तिकडचा पगार आणि तिचा पगार मिळून धरतात. सीएनसीवाल्याला मिडलँड्समध्ये काम मिळतं. तेव्हा आत्याबाईंना फोटो पाठव पेस्लिपचा.

खर्चाची तयारी मात्र आत्तापासून ठेवा, आरोग्याचा सरचार्ज वर्षाला १,०३५ पाऊंड आहे, पहिला व्हिसा पावणेतीन वर्षांचा असला तरी तीन वर्षांचा धरून ३,१०५ एकदम घेतात, फी वेगळी. हे वाचून आमचे मिस्टर खुर्चीतून उठून गेले होते.

निफाडकर_काका

वहिनी, माझं चुकलं, मान्य. पण शनिवारच्या शिफ्टचं भारी सांगितलंत, आमच्याकडे कोणी एवढा बोटांवर मोजून हिशोब करत नाही.

सातपूरकर_३१

काल रात्री बायकोशी बोललो. तिच्या ओळखीत एका केअर होममध्ये शनिवारी माणूस हवाच होता, पुढच्या आठवड्यात सुरू करते. म्हणजे सहा पेस्लिप झाल्या की अर्ज. नाना एवढंच म्हणाले, मग ठिबकचे पाईप बदलून घेऊ यंदा. एजंटचा सकाळी फोन आला होता, म्हटलं नको.

शेवटचं एक. माझा पॉलिटेक्निकचा डिप्लोमा इंग्रजीतच झालाय, तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागेल का?

हॅरोची_वहिनी

लागेल. सूट डिग्रीला मिळते, डिप्लोमाला नाही. ए-वन म्हणजे सगळ्यात सोपी लेव्हल आहे, फक्त बोलणं आणि ऐकणं, लिहायचं काही नाही, तुला जमेल. मान्यताप्राप्त सेंटरचीच दे, गल्लीतल्या क्लासचं सर्टिफिकेट नको. व्हिसाला लागते ती टीबी टेस्ट आत्ता करू नकोस, ती सहा महिनेच चालते, अर्जाच्या तोंडावर कर.