विषय: पुन्हा: ११ एप्रिल, हॉलचा फॉर्म (शुक्रवारच्या आत!!)

सुजाता (कार्यक्रम समिती):
मंडळी, चर्चने हॉलसाठी नवा फॉर्म पाठवलाय. "कार्यक्रम राजकीय आहे का? हो/नाही." हो म्हटलं तर त्यांच्या बोर्डाची परवानगी लागते आणि ती फुले जयंतीच्या आत मिळणं कठीण. पोवाडा, मुलांचं नाटुकलं यांची अडचण नाही. अडलंय ते शिकागोजवळचं इव्हन्स्टन गाव तिथल्या ब्लॅक रहिवाशांना जी नुकसानभरपाई देतंय, तिच्यावरच्या चर्चेपाशी. काय लिहू? कृपया विषयाला धरून बोला, गेल्या गणपतीसारखं नको.

मिलिंद:
चर्चाच काढून टाक आणि "नाही" लिही. आपली संस्था ५०१ सी ३ (करमाफीची धर्मादाय) आहे, नसती झेंगटं कशाला? मुळात आपला काय संबंध? मी ९८ साली दोन बॅगा घेऊन उतरलो. माझ्या पणजोबांनी गुलाम ठेवले नव्हते. तरी माझ्या प्रॉपर्टी टॅक्समधून चेक वाटायचे?

अनघा:
मिलिंद, तू इव्हन्स्टनला नाही, नेपरव्हिलला राहतोस! आणि पैसे प्रॉपर्टी टॅक्सचे नाहीतच. गावाने २०१९ मध्ये गांजाविक्रीच्या कराचे पहिले एक कोटी डॉलर बाजूला काढायचं ठरवलं, दहा वर्षांत. दुकान निघालं एकच, पैसे जमेनात, म्हणून पुढे महागड्या घरांच्या विक्रीवरचा करही त्यात घातला. हिशेब पणजोबांचा नाहीच. १९१९ ते १९६९ या काळात गावात राहिलेली ब्लॅक माणसं आणि त्यांचे वंशज यांना घर घ्यायला, दुरुस्तीला किंवा कर्ज फेडायला पंचवीस हजार. बँका दारात उभं करत नव्हत्या, ब्लॅक वस्तीच्या पाचव्या वॉर्डाबाहेर घर मिळणं मुश्कील. त्यांतली काही आजही माझ्या फार्मसीत काठी टेकत औषधं न्यायला येतात.
५०१ सी ३ ला उमेदवाराचा प्रचार चालत नाही. चर्चा चालते. "नाही" वर टिक कर.

वसंतकाका:
फॉर्मचं मला कळत नाही. पण ७८ साली आम्ही घर बघत होतो, तर दलाल काही गावांकडे गाडीच वळवेना. "तुम्हाला तिथे करमणार नाही" म्हणे. वर आमच्या हिने त्याला डब्यातली शंकरपाळी खिलवली! आम्ही कुठे भरपाई मागितली?

अनघा:
काका, आधी व्हिसा मिळाला म्हणून तो दलाल भेटला. १९६५ चा इमिग्रेशनचा कायदा होईपर्यंत भारताचा कोटा वर्षाला शंभर माणसांचा होता. ती दारं उघडली नागरी हक्कांच्या चळवळीच्या रेट्यामुळे. आणि दुसऱ्या महायुद्धात छावण्यांत डांबलेल्या जपानी अमेरिकनांना माणशी वीस हजार द्यायच्या कायद्यावर १९८८ मध्ये सही कोणाची? रिपब्लिकन अध्यक्ष रेगनची!

रोहिणी (वाचनकट्टा):
मधेच बोलते. पत्रिकेत 'गुलामगिरी'च्या अर्पणपत्रिकेचं वाचन कार्यक्रम समितीच्या नावावर छापलंय. ते वाचनकट्ट्याचं आहे, जानेवारीच्या मीटिंगमध्ये ठरलं होतं. बाकी जोतिरावांनी १८७३ मध्ये पुण्यात बसून ते पुस्तक गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केलं, त्यामुळे वाचनानंतर लगेच चर्चा ठेवा. उपरी वाटणार नाही.

मिलिंद:
बरं, करा. पण दोन्ही बाजू हव्यात. २०२१ मध्ये इव्हन्स्टनच्या कौन्सिलमधल्या मतदानात विरोधात एकच मत पडलं, नगरसेविका सिसिली फ्लेमिंग यांचं, आणि त्या स्वतः ब्लॅक. त्यांचं म्हणणं, ही नुसती घराची योजना, नाव तेवढं भरपाईचं.

अनघा:
त्यांचा आक्षेप होता की भरपाईचे पैसे कसे वापरायचे ते त्या लोकांनाच ठरवू द्या. २०२३ मध्ये रोख रकमेचा पर्याय आलाच. तुझं म्हणणं "कमी दिलं" आहे का "देऊच नका"? फ्लेमिंगबाईंच्या पदराआड लपू नकोस. "वंश बघून पैसे देणं घटनाबाह्य" म्हणून २०२४ मध्ये दावा लागलाय, तो मांड की.

सुजाता:
"नाही" वर टिक करून फॉर्म पाठवला. रोहिणी, पत्रिका दुरुस्त करते. मिलिंद, विरोधी बाजू तुझी, दहा मिनिटं. घड्याळ वसंतकाकांकडे.

मिलिंद:
पंधरा. आणि काकांना घड्याळ नको, ते स्वतःच अर्धा तास बोलतात.