सर्वाधिक गल्ला जमवणारे ॲनिमेशनपट ऑस्कर नामांकनातून का गळतात?

तिकीटबारी

ऑस्करच्या ॲनिमेशन विभागातली नामांकनं आणि जगभरची कमाई यांची वर्षवार तुलना करायला घेतली आहे. हा पुरस्कार २००१ च्या चित्रपटांपासून दिला जातो, म्हणजे वर्षं भरपूर आहेत. पण आकड्यांतून काही सूत्र हाती लागत नाही. २०१५ च्या 'मिनियन्स'ने १.१५ अब्ज डॉलर कमावले, नामांकन नाही. त्याच वर्षी 'अनोमलिसा'ला नामांकन, आणि त्याची कमाई एक कोटी डॉलरसुद्धा नाही. २०२३ चा 'सुपर मारिओ ब्रदर्स' १.३६ अब्जांवर गेला, तरी यादीबाहेर. उलट २०१३ चा 'फ्रोझन' गल्ल्यातही पहिला आणि पुरस्कारातही.

नामांकनं नेमकी कशी ठरतात? आणि ही तुलना करताना कुठले आकडे घ्यायचे, कुठले टाळायचे?

पडद्यामागे

आधी मतदान समजून घ्या, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पहिली पायरी म्हणजे वितरकाने चित्रपट या विभागात दाखल करायला हवा. २०१९ चा 'द लायन किंग' १.६ अब्जांच्या वर गेला, पण डिस्नेने तो ॲनिमेशनमध्ये पाठवलाच नाही. असा चित्रपट तुमच्या तक्त्यात 'नामांकन नाकारलं' म्हणून आला तर ती सरळ चूक आहे. त्यापुढे पात्रतेच्या अटी: लांबी ४० मिनिटांपेक्षा जास्त, किमान ७५ टक्के भाग ॲनिमेशनचा, आणि नुसतं मोशन कॅप्चर (नटाच्या हालचाली संगणकात टिपणं) ॲनिमेशन म्हणून चालत नाही. शिवाय अमेरिकेतल्या ठरलेल्या सहा महानगर क्षेत्रांपैकी एकात सलग सात दिवस थिएटरमध्ये खेळ.

आता मुख्य मुद्दा. २०१७ पर्यंत नामांकन समिती चित्रपटांना गुण देत असे. त्या वर्षी नियम बदलला: इच्छुक असलेला अकादमीचा, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेचा, कोणताही सदस्य समितीत येऊ शकतो आणि गुणांऐवजी पसंतीक्रम लिहायचा असतो. अशा मोजणीत काय होतं ते समजायला एक काल्पनिक हिशोब करा. ६०० मतपत्रिका आल्या, जागा पाच. ६०० भागिले ६ (जागांपेक्षा एक जास्त) म्हणजे १००, अधिक १. ज्याला १०१ पहिली पसंती मिळाली तो आत. मग सगळ्यात कमी पहिल्या पसंतीचा चित्रपट बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका त्यांवरच्या पुढच्या नावाकडे जातात.

म्हणजे ४०० जणांनी चौथ्या क्रमांकावर लिहिलेला लोकप्रिय चित्रपट, पहिली पसंती देणारे फक्त २० असतील तर, सुरुवातीच्या फेऱ्यांतच बाद होऊ शकतो. ती चारशे मतं वर येईपर्यंत तो शर्यतीत राहतच नाही. तिकीटबारीचं गणित याच्या उलट आहे. तिथे 'ठीक होता' म्हणणाऱ्याचं तिकीट आणि 'आयुष्यभर विसरणार नाही' म्हणणाऱ्याचं तिकीट एकाच किमतीचं. पुरस्कारात ठीक होता याला मोल नाही.

अंतिम फेरीत मात्र पसंतीक्रम नाही, ज्याला सर्वाधिक मतं तो विजेता. म्हणून नामांकन आणि विजय हे दोन वेगळे रकाने ठेवा, एकाच्या आकड्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नका.

चोवीसफ्रेम

आकड्यांबद्दल. अशा तक्त्यांत त्याच त्या चुका होतात.

वर्ष. अकादमीचं वर्ष अमेरिकेतल्या प्रदर्शनावरून ठरतं, मायदेशातल्या नाही. 'स्पिरिटेड अवे' जपानमध्ये २००१ साली आला, ऑस्करसाठी तो २००२ चा चित्रपट. 'द टेल ऑफ द प्रिन्सेस कागुया' जपानमध्ये २०१३, नामांकन २०१४ च्या यादीत. मायदेशातलं वर्ष धरलंत तर रांगच सरकते.

कमाई कोणत्या तारखेपर्यंतची? संकेतस्थळांवर दिसतो तो आजवरचा एकूण आकडा. 'स्पिरिटेड अवे' चीनच्या थिएटरांत लागला २०१९ मध्ये, म्हणजे पुरस्कारानंतर सोळा वर्षांनी. ती रक्कम त्याच्या एकूण कमाईत मिसळलेली आहे. छोट्या चित्रपटांत तर कार्यकारणच उलटं होतं: 'द सीक्रेट ऑफ केल्स' २००९ च्या अखेरीस केवळ पात्रतेपुरता दाखवला गेला आणि अमेरिकेत नीट प्रदर्शित झाला मार्च २०१० मध्ये, नामांकन जाहीर झाल्यावर. इथे नामांकनामुळे गल्ला आला. तेव्हा नामांकनं जाहीर होण्याच्या आदल्या दिवसापर्यंतचीच कमाई घ्या.

स्ट्रीमिंग. 'क्लाउस' किंवा २०२२ चा विजेता, गिलेर्मो देल तोरोंचा 'पिनोकिओ', यांच्या रकान्यात शून्य लिहू नका, रिकामा ठेवा. शून्य लिहिलंत की 'गल्ला नसलेले जिंकतात' असा खोटा निष्कर्ष निघतो. २०२० आणि २०२१ ही महामारीची वर्षं वेगळीच काढा.

डॉलरऐवजी त्या वर्षातला क्रमांक वापरा. महागाईचा प्रश्न त्यातच सुटतो. लोकांना चित्रपट किती आवडला हे मोजायचं असेल तर एकूण कमाईपेक्षा गुणक बरा: अमेरिकेतली एकूण कमाई भागिले पहिल्या शुक्रवार ते रविवारची कमाई. 'एलिमेंटल' २.९६ कोटींवर उघडला आणि साधारण १५.४ कोटींवर थांबला, गुणक पाचाच्या वर. पहिल्या आठवड्यात त्याला अपयशी ठरवून मोकळे झालेले कितीतरी जण होते! 'पुस इन बूट्स: द लास्ट विश' १.२४ कोटींवरून १८ कोटींच्या पुढे, म्हणजे जवळपास पंधरा. दोघांनाही नामांकन होतं. दोनच उदाहरणांवरून नियम काढू नका, पण हा रकाना ठेवाच.

आणि फक्त नामांकित चित्रपट घेऊन तुलना करू नका. अकादमी दरवर्षी पात्र चित्रपटांची पूर्ण यादी जाहीर करते, ती अख्खी घ्या.

कागदीबोका

वरचं सगळं मान्य, पण एक रकाना राहिला आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे: हा पुढचा भाग आहे का?

२०१६ पाहा. 'फाइंडिंग डोरी' आणि 'झूटोपिया' दोघांनीही १.०२ अब्जांच्या आसपास कमावले. एक पुढचा भाग, त्याला नामांकनही नाही. दुसरा नवी कथा, तो विजेता. २०१९ मध्ये 'फ्रोझन २' १.४५ अब्ज कमावूनही बाहेर. २०१७ मध्ये 'डेस्पिकेबल मी ३' १.०३ अब्ज, तोही बाहेर. २०२४ पर्यंतच्या चित्रपटांत पुरस्कार मिळालेले पुढचे भाग दोनच, 'टॉय स्टोरी ३' आणि '४', तेही एकाच मालिकेचे. गल्ल्याच्या वरच्या क्रमांकांवर पुढच्या भागांची गर्दी असते, म्हणून वरवर पाहता अकादमीला लोकप्रियतेचं वावडं आहे असं वाटतं. पुढचे भाग बाजूला काढून पुन्हा मोजा, अंतर बरंच कमी होईल.

दुसरं, ॲनिमेटरच्या डोळ्याला दिसणारं काम. 'स्पायडर-मॅन: इनटू द स्पायडर-व्हर्स' घ्या. सेकंदाला चोवीस फ्रेम असतात. जंगलातल्या पाठलागात नायक माइल्सची प्रत्येक मुद्रा (शरीराची स्थिती) दोन फ्रेम टिकते, म्हणजे सेकंदाला बाराच मुद्रा. त्याच्या शेजारी झोके घेणारा मुरलेला स्पायडर-मॅन पीटर दर फ्रेमला बदलतो, पूर्ण चोवीस. माइल्स अजून शिकाऊ आहे हे संवादाशिवाय, निव्वळ हालचालीच्या अडखळण्यातून कळतं. प्रेक्षकाला ते नुसतं जाणवतं, या कामातल्या माणसाला मात्र तिथे टाळी वाजवावीशी वाटते. त्या वर्षी 'इन्क्रेडिबल्स २' १.२४ अब्जांवर होता, हा ३८ कोटींच्या आसपास, आणि पुरस्कार याला मिळाला. योग्यच मिळाला.

तिकीटबारी

पुढचा भाग हा रकाना लगेच घालतो. पण मग 'मारिओ' कुठे टाकू? तो पुढचा भाग नाही, पण नवी कथाही नाही. आणि २०१७ नंतर समिती सर्वांना खुली झाल्यावर छोटे चित्रपट मागे पडले का?

पडद्यामागे

तीन गट करा: नवी कथा, पुढचा भाग, आणि आधीच गाजलेल्या पात्रांवरचा पहिला चित्रपट. 'मारिओ' आणि 'द लेगो मूव्ही' तिसऱ्यात. मूळ पुस्तक असलेले, पण पात्रं घरोघरी माहीत नसलेले चित्रपट पहिल्या गटात ठेवा, नाहीतर 'द वाइल्ड रोबॉट'सारखे चित्रपट उगाच तिकडे जातील. ही व्याख्या तक्त्याच्या माथ्यावर लिहून ठेवा, मधेच बदलू नका.

खुल्या समितीबद्दल: बदलानंतरच्या पहिल्याच वर्षी 'द बॉस बेबी' आणि 'फर्डिनांड' आले तेव्हा मोठे स्टुडिओ आता सगळं व्यापणार अशी भीती बोलली गेली. पण त्याच पाचांत 'द ब्रेडविनर' आणि 'लव्हिंग व्हिन्सेंट'ही होते. २०२४ च्या यादीत 'इनसाइड आउट २' १.६९ अब्जांचा, आणि जिंकला लाटव्हियाचा 'फ्लो', ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरवर साधारण ३५ लाख युरोत बनलेला. २०१७ च्या आधीचा आणि नंतरचा हिशोब मात्र वेगवेगळा मांडा. २०२५ च्या चित्रपटांपासून आणखी एक रेघ ओढा, कारण तिथून अंतिम मत देण्यासाठी त्या विभागातले सगळे नामांकित चित्रपट पाहणं सक्तीचं झालं आहे.