तो ‘तसला’ आहे का हो?

गेल्या महिन्यात नारायण पेठेत आत्याकडे डोहाळजेवण होतं. पंगतीत एका नटाचा विषय निघाला. चाळिशी उलटली, लग्न नाही, बरोबर कायम तो एक मित्र. ‘तसला आहे म्हणे,’ मामी म्हणाल्या, आणि पुढची वीस मिनिटं त्याचे कपडे, चाल, हात हलवायची तऱ्हा, सगळ्याचा पंचनामा झाला. दोन पुरावे मीही पुरवले. परत येताना लक्ष्मी रस्त्यावर गाडी अडकली तेव्हा वाटलं, हे कळून मला करायचं काय होतं?

तर, कुणाबद्दल असे तर्क तुम्ही लढवले असतील किंवा तुमच्याबद्दल लढवले गेले असतील, तर लिहा. अट एकच: ज्यांनी स्वतः जाहीर केलेलं नाही त्यांची नावं नकोत. ‘आडनाव क वरून’ असली कोडीही नकोत.

सिंहगड रोड, पूर्वी बातम्यांच्या डेस्कवर

मी हे पगार घेऊन केलंय. नटाचं नाव टाइप करायला घेतलं की गूगल पुढचं सुचवतं: वय, उंची, बायको आणि मग ‘गे आहे का’. लोक शोधतायत तर आपण का नाही द्यायचं, हा आमच्या साहेबांचा हिशोब. मी सहाशे शब्द लिहायचो, ज्यात काहीही नसायचं. मथळ्याला प्रश्नचिन्ह लावलं की आपण सुटलो, अशी समजूत.

२०२२ मध्ये किट कॉनर या ब्रिटिश नटाची बातमी आली. मालिकेत त्यानं बायसेक्शुअल, म्हणजे मुलगे-मुली दोन्ही आवडणाऱ्या, मुलाचं काम केलं होतं. खऱ्या आयुष्यात तू कोण ते सांग, म्हणून लोक असे हात धुऊन मागे लागले की अठराव्या वर्षी त्यानं ‘मीही बायसेक्शुअल’ असं सांगून टाकलं, आणि भाग पाडणाऱ्यांचं खवचट अभिनंदनही केलं. माझा मथळा होता ‘अखेर मौन सोडलं’. बातमी तुफान चालली.

डेक्कन, वय ५८

हे उद्योग फक्त टवाळखोर करतात असं समजू नका. मी गे आहे. नव्वदच्या दशकात मी आणि माझे दोन मित्र चहा पीत याद्याच करायचो, नटांपैकी कोण कोण ‘आपल्यातला’. यादी लांबली की बरं वाटायचं. पुण्यात तेव्हा आम्हाला जायला जागाच नव्हती. आमच्यासारख्यांसाठी काम करणारा समपथिक ट्रस्ट निघाला २००२ मध्ये, पहिली प्राइड पदयात्रा २०११ च्या डिसेंबरात. यादीतल्या एकानं पुढे थाटात लग्न केलं, तर आम्ही फसवलं गेल्यासारखे रुसलो! त्या बिचाऱ्यानं आम्हाला कधी शब्द दिला होता?

आमच्या याद्या थांबल्या त्या सिरस सरांनंतर. डॉ. रामचंद्र सिरस, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक. त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा, म्हणजे आपल्या टिळक रस्त्यावरच्या संस्थेचा, पुरस्कार मिळालेला. तरी आम्हा तिघांपैकी एकालाही हे नाव माहीत नव्हतं. ८ फेब्रुवारी २०१० ला कॅमेरा घेऊन माणसं त्यांच्या घरात घुसली, तेव्हा माहीत झालं. समलिंगी संबंधांवरून विद्यापीठानं निलंबित केलं. अलाहाबाद उच्च न्यायालयानं १ एप्रिलला निलंबनाला स्थगिती दिली, आणि ७ एप्रिलला सर खोलीत मृतावस्थेत सापडले. निवृत्तीला काही महिने उरले होते.

कविता मी नंतर वाचल्या. आधी वाचायला हव्या होत्या.

बाणेर

एवढं गहिवरून यायचं कारण नाही. आपण तिकीट काढतो, त्यावर यांची घरं चालतात. प्रसिद्धी हवी तर चौकशाही सोसाव्यात.

(पुन्हा मीच, पंगतीतला)

तिकीट नाटकाचं असतं, घराचं नाही. धावपटू द्युती चंदनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत दोन रौप्यपदकं आणली, तेव्हा तर आपण फुकटात टाळ्या वाजवल्या. पुढच्याच वर्षी तिनं एका मुलीशी असलेलं आपलं नातं जाहीर केलं, तेही घरातून दबाव आला म्हणून, असं तीच म्हणाली होती. २४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला, लैंगिकतेचा स्पष्ट उल्लेख करून. आता मामींवर त्यासाठी रिट कोण घालणार, ते सोडा.

सहकारनगर, आई

आमच्याकडे विषय मुलानंच काढला होता. सप्टेंबर २०१८, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या निकालाचा आठवडा. ‘आई, तो अमुक नट गे आहे म्हणतात, तुला काय वाटतं?’ मी गवार निवडत होते. म्हटलं, ‘असेल बाबा, आपल्याला काय. जाताना दही आण.’ मला माझा फार अभिमान होता, किती पुढारलेलं उत्तर दिलं म्हणून.

तीन वर्षांनी त्यानं स्वतःचं सांगितलं. तेव्हा कळलं, तो नट म्हणजे दगड मारून पाणी किती खोल ते बघणं होतं. म्हणाला, ‘तू रागावली असतीस तरी मला कळलं असतं. तू दही आणायला पाठवलंस.’

त्या नटाचं खरं काय ते अजून आम्हाला दोघांनाही माहीत नाही.

कोथरूड, वय ४६

मी नटी नाही, बँकेत आहे. एकटी राहते. सोसायटीत माझ्याबद्दल दोन पक्ष आहेत, हे मला कामाच्या मावशींकडून समजलं. एक पक्ष म्हणतो प्रेमभंग, दुसरा म्हणतो ‘ती तशी’. माझी मैत्रीण नाशिकहून येते, त्या शनिवारी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंना नेमकी साखर लागते.

एकदा मावशींनीच धीर करून विचारलं, ‘ताई, नक्की काय आहे?’

साखरेचा डबा भरून खाली पाठवून दिला. आणि इथेही सांगत नाहीये.